‘कातडी जाड करा’ हा सल्ला मानू नका : इतरांना सावरणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा : “मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात मी काम करते. एम.एस.डब्ल्यू. झालं आहे. सुरुवातीला प्रत्येक बाईची हकीकत डोक्यात घेऊन घरी जायचे, रात्र रात्र डोळा लागायचा नाही. आता उलट झालंय. समोर बाई रडत असते आणि माझं लक्ष घड्याळाकडे असतं. घरी मात्र मुलीच्या हातून वाटी पडली तरी मी अंगावर धावून जाते. वरिष्ठ म्हणतात, या क्षेत्रात कातडी जाड करावी लागते. प्रशिक्षणात सांगतात, योगा करा, छंद जोपासा. तो वेळ कुठून आणू? मी या कामाला लायकच नाही का?”

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. लायकीचा इथे काही संबंध नाही. आधी झोप उडणं, मग काहीच न वाटणं आणि घरी आल्यावर भडकणं, हा क्रम मी समुपदेशकांमध्ये पाहिला आहे, जळीत कक्षातल्या सिस्टरांमध्ये पाहिला आहे, व्यसनमुक्ती केंद्रातल्या कार्यकर्त्यांमध्ये आणि आशाताईंमध्येही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी बरीच वर्षं काढली. आता तुमच्यासारख्यांचे गट घेते. त्या अनुभवावरून सांगते, ज्यांना कामाचं काहीच पडलेलं नाही त्यांची अशी अवस्था होत नाही. जीव लावून काम करणाऱ्यांचीच होते.

याचा अभ्यास सुरू झाला तोही असाच. न्यूयॉर्कमध्ये व्यसनी तरुणांसाठी चालणाऱ्या एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसतज्ज्ञ काम करायचे. तिथले सगळ्यात झटून काम करणारे स्वयंसेवक काही महिन्यांत चिडके, थकलेले, कोरडे होत जाताना त्यांनी पाहिले आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. ‘बर्नआउट’ हा शब्द तेव्हापासून रुळला. पुढे अमेरिकेतच क्रिस्टिना मॅसलॅक यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहतात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तुमचं पत्र या तिन्ही रकान्यांत बसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण व्याख्येतच कामाची जागा आली. म्हणजे उपाय एकट्या तुमच्या सकाळच्या सूर्यनमस्कारांत सापडणार नाही.

पण ‘थकवा’ या एका नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. पहिली म्हणजे साधा अतिभार : केसेस जास्त, माणसं कमी, अहवाल महिनाअखेरीला. याला उपाय भार कमी करणं आणि झोप. दुसरी म्हणजे ऐकलेल्या, पाहिलेल्या भयंकर गोष्टी आपल्या आत शिरणं. आघात दुसऱ्याला झालेला असतो, पण स्वप्नं आपल्याला पडायला लागतात, रिक्षात शेजारी पुरुष बसला तरी अंग आक्रसतं. मॅक्कॅन आणि पर्लमन या संशोधकांनी १९९० मध्ये याची मांडणी केली. याला सुट्टी पुरत नाही. ते जाणत्या माणसापुढे बोलावं लागतं.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. काय करायला हवं हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण ते करता येत नाही. अँड्र्यू जेमटन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना हा नैतिक क्लेश ओळखला होता. तुमच्या केंद्रात तो रोजचा असेल. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. तुम्ही हे बाईला सांगता, आणि मग ती महिनोन्‌महिने तारखांना येत राहते. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे आणखी दोन कामांचा भार असतो. पोलीस ठाण्यात ‘घरातलं भांडण घरात मिटवा’ म्हणून परत पाठवतात. निवारागृहात मोठ्या मुलाला घेत नाहीत, म्हणून आई जात नाही. या सगळ्याचा राग कुठे जाणार? तो खाली उतरतो. समोरच्या बाईवर उतरतो, घरी मुलीवर उतरतो. तुमच्या मुलीच्या हातून पडलेल्या वाटीचा आवाज तितका मोठा नव्हता, हे तुम्हालाही माहीत आहे.

कोरडेपणा कुठून येतो

हा कोरडेपणा आधी भाषेत येतो. तिकडे लक्ष ठेवा. जळीत वॉर्डात पेशंटची नावं जाऊन ‘सात नंबर’ आणि ‘ते नव्वद टक्के’ सुरू होतं. समुपदेशन केंद्रात ‘नेहमीचीच केस’, ‘ही काय, परत नांदायला जाणारच’ सुरू होतं. आशाताईंच्या तोंडी ‘त्या वस्तीतली माणसं सुधारायचीच नाहीत’ येतं. हे शब्द आले की समजावं, मनाने स्वतःला वाचवायला दार लावून घेतलं आहे. वरिष्ठ ज्याला जाड कातडी म्हणतात ती हीच. अडचण अशी की हे दार फक्त कामावरच्या दुःखापुरतं बंद होत नाही. नवऱ्याचं बोलणं, मुलीचं हसणं, पहिला पाऊस, सगळंच बाहेर राहतं. उघडं राहतं ते फक्त रागाचं.

जर्मनीत लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत काही प्रयोग केले. लोकांना इतरांच्या यातनांच्या चित्रफिती दाखवल्या आणि मेंदूची प्रतिमा घेतली. समोरच्याचं दुःख जसंच्या तसं अनुभवायला शिकवलेल्यांचा त्रास वाढला. स्वतःला वेदना होताना मेंदूचे जे भाग काम करतात त्यांतले काही त्यांच्यात जागे झाले. नंतर त्याच लोकांना त्या माणसाचं भलं व्हावं अशी इच्छा मनात धरायचा सराव दिला, तेव्हा समोर दुःख तेवढंच असूनही त्रास उतरला आणि जवळीक, उबेची भावना वाढली. मेंदूतही वेगळे भाग काम करू लागले.

तुमचे वरिष्ठ तुम्हाला दोनच पर्याय देतात : रडत बसा किंवा दगड व्हा. तिसरा आहे, आणि तो शिकता येतो. बाई बोलत असताना आपले दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले आहेत का ते बघायचं. श्वास अडकलाय का ते बघायचं. तिच्या अंगावर पडलेला फटका मनात रंगवायचा नाही, कारण ते चित्र तिच्या काही कामाचं नाही. त्याऐवजी मनात एकच प्रश्न धरायचा : आज इथून जाताना हिच्या हातात काय असायला हवं? हा प्रश्न धरला की कान उघडे राहतात आणि पोटात गोळा येत नाही. पहिल्या दिवशी जमत नाही. काही आठवड्यांनी जमायला लागतं.

याला जोडूनच आणखी एक. बाई परत नांदायला गेली की तुम्ही ते स्वतःचं अपयश मानता का? बहुतेक जणी मानतात. हिंसेतून बाहेर पडणाऱ्या बाया एका फटक्यात बाहेर पडत नाहीत. त्या जातात, येतात, पुन्हा जातात. मुलं असतात, माहेरी भाऊ-भावजय असते, हातात पैसा नसतो. आपण यशाचं माप ‘ती सुटली’ एवढंच ठेवलं तर वर्षातून दोन-तीनदा आनंद होणार आणि बाकी दिवस पराभवाचे जाणार. माझ्या गटांत मी हे माप बदलायला लावते. तिने आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मुलांच्या दाखल्यांची प्रत शेजारणीकडे ठेवली का? ११२ (पोलीस मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर तिला पाठ आहेत का? अंगावरचे वळ सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर काढला का? मार सुरू झाला तर मुलाने कुणाच्या घरी पळायचं हे ठरलं का? पुढच्या वेळी काही झालं तर ती आपल्याकडे येईल का? यातल्या दोन गोष्टी झाल्या असतील तर ते तुमचं त्या दिवसाचं काम झालं. ते रजिस्टरमध्ये लिहा आणि स्वतःशीही कबूल करा. ही मनाची समजूत घालणं नव्हे. बाईचा जीव वाचतो तो बहुतेक वेळा याच गोष्टींनी.

बोलायची जागा

स्वतःची काळजी म्हटलं की लोक एकट्याने करायच्या गोष्टी सांगतात : फिरायला जा, संगीत ऐका. वाईट नाहीत. पण मला विचाराल तर या व्यवसायात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांसमोर, केसबद्दल बोलायची जागा. मायकेल बालिंट या मनोविश्लेषकांनी लंडनमध्ये १९५० च्या दशकात साध्या फॅमिली डॉक्टरांचे असे गट सुरू केले. डोक्यातून न जाणारा पेशंट कोण, एवढंच तिथे बोलायचं. आपल्याकडे याला सुपरव्हिजन म्हणतात, पण बहुतेक संस्थांत त्या नावाखाली आकडे तपासले जातात. मी म्हणते ती वेगळी.

एका गटातला प्रसंग सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गटात बहुतेक सिस्टर होत्या, जळीत आणि अपघात विभागातल्या. मोबाईल बाहेरच्या टेबलावर, कुणी काही टिपून घ्यायचं नाही, तिथलं तिथेच राहील हे आधीच सांगितलेलं. एक सिस्टर दर वेळी ‘माझं सगळं ठीक’ म्हणून गप्प बसायची. त्या दिवशी शेजारची म्हणाली, “ही डब्यात नुसती पोळी-चटणी आणते हल्ली. घरी फोडणीच देत नाही म्हणे.” सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. बराच वेळ ती बोलली नाही. मग सांगायला लागली.

रात्रपाळीत बाविसेक वर्षांची मुलगी भाजून आली होती. पहाटे सगळे पांगल्यावर ती सिस्टरला म्हणाली, नवऱ्याने केलं. सकाळी दंडाधिकारी मृत्युपूर्व जबाब घ्यायला आले, डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं, आणि तिने सांगितलं की स्टोव्हचा भडका उडाला. दाराबाहेर सासू तिच्या लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. सिस्टर म्हणाली, “मला तेल तापल्याचा वास आला की तिचा आवाज ऐकू येतो. मी ऐकलेलं कुणाला सांगायचं होतं?”

अशा वेळी गटातलं कुणीतरी लगेच ‘तुझी काही चूक नाही’ म्हणतं. मी ते थांबवते. ते खरं असलं तरी इतक्या लवकर म्हटलं की बोलणाऱ्याचं बोलणं बंद होतं. आधी मी तिला विचारलं, हे सांगताना आत्ता अंगात कुठे काय होतंय. तिने छातीवर हात ठेवला. थोडा वेळ आम्ही तिथेच थांबलो. मग गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ सिस्टर बोलल्या. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, “मरणाच्या दारातल्या माणसाने नर्सला सांगितलेलंही कोर्टात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. आपण तिच्याच शब्दांत, वेळ टाकून केसपेपरवर लिहायचं आणि ड्युटी डॉक्टरांना सांगायचं. हे आपल्याला कुणी शिकवत नाही. पुढच्या आठवड्यात मी मेट्रनना भेटून सगळ्यांना शिकवायला सांगते.” आणि त्यांनी ते केलं.

त्या सिस्टरला हलकं वाटलं ते कशाने, याचा मी पुष्कळ विचार केला. रडल्याने थोडंफार वाटलं असेल. पण जास्त फरक पडला तो आपण ज्याने पोळलो त्याचं काहीतरी होतंय, पुढच्या मुलीच्या वेळी दुसरी सिस्टर एकटी पडणार नाही, याने. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्र ठेवते : मन मोकळं करणं आणि कामाची पद्धत सुधारणं. नुसतं मोकळं होणाऱ्या गटातली माणसं काही महिन्यांनी येईनाशी होतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांची सेवा तिथल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षं केली. त्या त्यागाबद्दल खूप लिहिलं गेलं. मला त्यात त्यागाइतकीच आणखी एक गोष्ट दिसते. ते काम कधी एकीवर पडलं नाही. पाळीमागून पाळी, बॅचमागून बॅच, चार्ज देत-घेत ते चाललं. इतकी वर्षं टिकणारी माया वाटून घेतलेलीच असते.

आशाताईंची गोष्ट वेगळी आहे

तुमच्या केंद्राला निदान कुलूप लागतं. आशा कार्यकर्तीला ती सोय नाही. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, ती त्याच गावातली सून असते. ‘काम कामाच्या जागी ठेवा’ हा सल्ला तिला देणाऱ्याने गाव पाहिलेलं नाही. बाळंतपणात बाई दगावली तर माता मृत्यूची चौकशी होते. कुठली तपासणी कधी झाली, गाडी कधी बोलावली, ती कधी आली, हे आशाला विचारलं जातं, आणि विचारायलाच हवं. पण मेलेली बाई तिची चुलतजाऊ असते. ती दहाव्याला जाते तेव्हा लोक तिच्याकडे बघतात. त्या चौकशीत तिच्यासाठी कुठलाही रकाना नाही. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी कुटुंबांतल्या नैराश्याचा शोध घेण्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ च्या सुमारास प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचं काम आशांकडे आलं. ‘जगू नये असं वाटतं का?’ हा प्रश्न ती शेजाऱ्याला विचारते, तो ‘हो’ म्हणतो, आणि त्याच्या विहिरीवरून ती रोज पाणी आणते.

तिच्यासाठी मी एकच गोष्ट सुचवत आले आहे, आणि ती जिथे केली तिथे उपयोगी पडली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास आकड्यांचा नसावा. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी एवढंच विचारावं : या महिन्यात कुणाच्या गावात मृत्यू झाला, आणि कुणाला एकटीला त्या घरी जावं लागतंय? आणि पुढच्या भेटीला दुसरी आशा सोबत पाठवावी. खर्च शून्य.

मानधनाचंही इथेच बोलते. आशांना अजून स्वयंसेविका म्हणतात. समुपदेशक अकरा महिन्यांच्या करारावर असतात. पगार तीन-तीन महिने थकतो. अशा वेळी ध्यानधारणेचं शिबिर भरवणं मला पटत नाही. वेळेवर पगार, भरपगारी रजा, बाळंतपणाची रजा या काळजीच्या पहिल्या गोष्टी आहेत. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसल्या. त्यातल्या काही जणींनी मला सांगितलं की किती वर्षांनी इतकं बरं वाटलं, कारण आपण एकट्या नाही हे तिथे डोळ्यांनी दिसलं. संघटनेत जाणं हीसुद्धा स्वतःची काळजी आहे, असं मी उघड म्हणते.

तुमच्या दिवसाबद्दल

आता वेळेचा प्रश्न. नवा वेळ मी मागत नाही, आहे त्याच दिवसात फट पाडा. दोन बायांच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवा. उठा, हात धुवा, पाणी प्या, लघवीला जाऊन या. हे लिहायला लागतंय याचं वाईट वाटतं, पण आपल्या बाया पाणी पीत नाहीत, कारण केंद्रात स्वच्छतागृह धड नसतं, आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. स्वच्छतागृहाची मागणी करा. त्याच दहा मिनिटांत आधीच्या केसची चार ओळींची नोंद करा. नोंद झाली की केस डोक्यातून कागदावर उतरते. संध्याकाळी सगळ्यांच्या एकदम लिहिल्या तर त्या रात्री झोपेत चालू राहतात.

दिवसाला जबर हिंसेच्या नव्या केसेस तीनच्या वर घेऊ नका. माझ्या अनुभवात चौथीचं नीट ऐकलंच जात नाही. तातडीचं असेल तर सुरक्षिततेपुरतं बोला आणि सविस्तर बोलणं दुसऱ्या दिवशीवर ठेवा. बायांना हे समजावून सांगितलं की पटतं.

स्वतःचा मोबाईल नंबर देऊ नका. तुम्ही दिलेला असणार, मला माहीत आहे. आणि रात्री अकराला फोन वाजला तर न उचलण्याची हिंमत कुणाला होईल? म्हणून नियम आधी हवा. पहिल्या भेटीतच सांगायचं : “सहानंतर माझा फोन बंद असतो. रात्री काही झालं तर ११२, नाहीतर १८१. मनात मरणाचा विचार आला तर १४४१६, हा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.” हे कागदावर लिहून द्या, आणि कागद नवऱ्याच्या हाती पडेल अशी भीती असेल तर पाठ करून घ्या. असं केलं तर ती तुमच्या एकटीच्या जागं राहण्यावर अवलंबून उरत नाही. तुमच्यापेक्षा तिच्यासाठीच हे जास्त सुरक्षित आहे. तुम्ही आजारी पडलात, बदली झाली, नोकरी सोडली तरी तिच्याकडे नंबर राहतात.

घरी काय सांगायचं? केस सांगता येत नाही, गोपनीयता आहे, आणि लहान गावात नाव न घेताही बाई ओळखू येते. पण ‘आज दिवस जड गेला, मला वीस मिनिटं कुणी काही विचारू नका’ हे सांगता येतं. मुलीलाही तिच्या वयाला समजेल असं सांगा : आई चिडली ती तुझ्यामुळे नाही. आणि त्या वीस मिनिटांत गॅसपाशी उभं राहायचं नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाचला उठून पाणी भरण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सगळं तुमच्याकडेच असेल, तर खरी चर्चा तिथे आहे. दुसऱ्यांच्या घरात कामाची वाटणी करायला शिकवणाऱ्या आपण स्वतःच्या घरात ते बोलायला कचरतो. आठवड्यातले दोन रात्रीचे स्वयंपाक दुसऱ्या कुणाचे तरी, इतक्या ठोस मागणीपासून सुरुवात करा. ‘मदत करत जा’ म्हटल्याने घरात काही हलत नाही.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी एक वाक्य जास्तीचं : पाळी संपल्यावर डोळे जड असतील तर स्कूटी काढू नका. अर्धा तास तिथेच आडवं व्हा, किंवा बसने जा.

इलाज लागतो तेव्हा

काही गोष्टी गटाने, रजेने बऱ्या होत नाहीत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज उदास वाटणं, झोप किंवा भूक जाणं, नको ती चित्रं वारंवार डोळ्यांसमोर येणं, झोपेसाठी गोळ्या किंवा दारू लागणं, मुलांवर हात उठणं, मरून जावं वाटणं. यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ही सेवा मोफत मिळते. ‘मी स्वतः समुपदेशक, मी कशी जाऊ’ हे कारण मला फार जणींनी दिलं. आपल्याच जिल्ह्यात ओळखीचे भेटतील ही भीती खरी आहे, मग शेजारच्या जिल्ह्यात जा किंवा १४४१६ वर बोला. ते नंबर आपण फक्त इतरांना वाटायला ठेवलेले नाहीत. औषध लागलं तर घ्या.

तुमच्या पत्रावरून मला तुम्ही अजून त्या टप्प्याला आलेल्या दिसत नाही, पण ‘मुलीच्या अंगावर धावून जाते’ हे वाक्य मी हलक्यात घेत नाही. हे आठवड्यातून किती वेळा होतंय ते महिनाभर कॅलेंडरवर खूण करून बघा. वाढत असेल तर थांबू नका.

संस्थेच्या सचिवांना एक अर्ज द्या. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं ‘बघू’मध्ये जातं. मजकूर साधारण असा असू द्या :

“केंद्रात हिंसेच्या गंभीर केसेस रोज हाताळल्या जातात. समुपदेशनाचा दर्जा टिकावा म्हणून पुढील बाबींना मंजुरी मिळावी ही विनंती. एक, महिन्यातून एकदा दोन तासांचे केस सुपरव्हिजन, संस्थेबाहेरील अनुभवी व्यक्तीकडून. दोन, केंद्रासाठी स्वतंत्र मोबाईल. तीन, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तातडीच्या केससाठी यावे लागल्यास त्याची बदली रजा. चार, दोन भेटींमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवण्याची मुभा.”

भावना, थकवा, ताण हे शब्द अर्जात मुद्दाम घातलेले नाहीत. कामाचा दर्जा हे कारण नाकारणं संस्थेला अवघड जातं, आणि ते खरंही आहे. यातलं दुसरं आणि चौथं बहुतेक लगेच मिळेल. सुपरव्हिजनला ‘निधी नाही’ असं उत्तर आलं तर थांबू नका. शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रातली समुपदेशक, सखी वन स्टॉप सेंटर या हिंसापीडित महिलांसाठीच्या सरकारी केंद्रातली कुणी, ग्रामीण रुग्णालयातली एड्स समुपदेशक अशा तीन-चार जणी शोधा. जिल्ह्याच्या बैठकीला तुम्ही सगळ्या येतच असता. बैठक संपल्यावर दीड तास थांबा. एकीने एकच केस मांडायची, नाव-गाव न घेता. बाकीच्यांनी पहिली वीस मिनिटं सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. पुढची तारीख उठायच्या आधी ठरवायची, कारण नंतर ठरवू म्हटलेली तारीख ठरत नाही. असे तीन-चार महिने झाले की बाहेरच्या सुपरव्हायझरसाठी पुन्हा अर्ज करा, आणि त्या वेळी सगळ्या केंद्रांच्या सह्या एकाच कागदावर घ्या.